ठोकून बसवलेला पेड

‘दोराचा एक पेड इतर पेडांपेक्षा वर येणे ही वापरातील स्वाभाविक झीज असून तिचा पूर्वअंदाज बांधणे कोणत्याही व्यवस्थेस शक्य नव्हते; मात्र असा पेड दिसताच काम न थांबविणे हा क्रेनचालकाचा अक्षम्य निष्काळजीपणा होय.’ कारखान्याच्या चौकशी समितीने क्रेनच्या अपघातावरचा आपला सगळा निष्कर्ष या एका वाक्यात बसवला होता, आणि कॉलेजात दोराविषयी शिकवणाऱ्या एका बाईने ते इतक्या वेळा वाचले होते की आता ते वाचायला डोळ्यांची गरज उरली नव्हती. वाक्याला दोन पाय होते आणि दोन्ही दोन दिशांना चालत होते. पूर्वार्धात जी गोष्ट कोणत्याही व्यवस्थेला, म्हणजे अभियंत्यांना, तपासनिसांना, भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या फलकांना दिसणे शक्यच नव्हते, ती उत्तरार्धात एका माणसाला मात्र दिसायला हवी होती. तो माणूस म्हणजे क्रेनवाले मामा, जे पाच मजले उंचावरच्या काचेच्या खोक्यात बसतात आणि ज्यांच्या नजरेसमोर दोर नसतो, दोराला लोंबणारे ओझे असते. अर्धविरामाच्या अलीकडे सर्वज्ञ आंधळे होते. पलीकडे आंधळ्याने सर्वज्ञ असायला हवे होते. ‘स्वाभाविक’ या शब्दापाशी ती नेहमी थोडी थांबे. पोलादाला स्वभाव असतो, खोडी नसतात. खोडी माणसे लावतात. आणि ‘झीज’? झिजलेली वस्तू खाली बसते, वर येत नाही. एवढे तर पायरीचा दगडसुद्धा सांगेल. पण समितीने पायरीच्या दगडाला साक्षीला बोलावले नव्हते. तिलाही बोलावले नव्हते. तिच्या प्रयोगशाळेने दोराच्या तुकड्यावर केलेली चाचणी मात्र अहवालात मानाने उद्धृत केली होती, ‘तारांची ताकद पूर्ण भरली’, आणि तारा निर्दोष, म्हणून दोर निर्दोष, म्हणून माणूस दोषी, अशी तर्काची माळ तिच्या त्या एका खऱ्या वाक्यात ओवली होती. ते खरे होते. तुकडा दोराच्या दुसऱ्या, निरोगी टोकाचा होता, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. तुकडा पाठवणारा कारखान्याचा देखभालप्रमुख होता. देखभालप्रमुख तिचा नवरा होता.

अहवाल त्यानेच घरी आणला आणि चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवला, एखाद्याने परीक्षेचा निकाल वाचावा तसा. वाचून झाल्यावर त्याने बिस्कीट बुडवले, ते चहात तुटून पडले, आणि तो चमच्याने त्याचा गाळ काढत बसला. ‘सुटलो बाबा एकदाचे,’ तो म्हणाला. तिने विचारले, ‘कोण सुटलं?’ ‘म्हणजे काय? आपण.’ या ‘आपण’मध्ये आपल्याला त्याने कधी बसवून घेतले हे तिला कळले नाही. ती इतकेच म्हणाली, ‘अहो, चहा निवतोय.’ त्याने चमचा खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षे झाली, दोघे एका वर्गातले, अरे-तुरे सोडून दुसरे काही त्या घराच्या भिंतींनी ऐकले नव्हते. ‘हे अहो कधीपासून?’ ‘अहवाल आल्यापासून,’ ती म्हणाली. आदर हे किती थंड हत्यार आहे, ते तिला त्या सकाळी कळले, आणि त्यानंतर तिने ते म्यानात घातले नाही.

विद्यार्थी तिला पाठीमागे पीळबाई म्हणत, हे तिला ठाऊक होते. वर्षानुवर्षे ती फळ्यावर तोच दोर काढत आली होती: मधे गाभा, भोवती सहा पेड, प्रत्येक पेडात पुन्हा तारा, आणि सगळे एकमेकांना पिळाने धरून. दोर म्हणजे तारांची जुडी नव्हे, ती सांगे, दोर म्हणजे तारांनी केलेला करार. ओझे सगळ्यांनी सारखे वाहायचे. एक पेड सैल पडला की तो वर उठतो. वर उठलेला पेड ओझ्यातून अंग काढून घेतो, त्याचा वाटा उरलेल्या पाचांवर पडतो, आणि कप्पीवरून जाताना घासला मात्र तोच आधी जातो. हे टाळणे अवघड नसते, नुसते कंटाळवाणे असते. दोर रिळावरून घ्यायचा तर रीळ आसावर चढवून फिरवायचे. आडव्या रिळाच्या कडेवरून वेटोळी ओढली की प्रत्येक वेटोळ्याबरोबर दोराच्या अंगात एक आगंतुक पीळ शिरतो. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना मऊ तारेने घट्ट आवळायचे आणि मगच कापायचे, म्हणजे आतले पेड हलत नाहीत. टोक पाचरीत, म्हणजे ते घट्ट धरणाऱ्या खोबणीत, बसवताना गरगरू द्यायचे नाही. आणि नवा दोर हलक्या ओझ्याने काही फेऱ्या चालवायचा, पेड एकमेकांच्या शेजारी रुळेपर्यंत. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो. जगातली बहुतेक पापे अर्धा दिवस वाचवण्यासाठी केली जातात, असे एक वाक्य ती वर्गात टाकत असे, आणि मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेला येईल म्हणून.

लहानपणी आई तिची वेणी घालताना डोके गुडघ्यांत धरून ठेवी. हलू नकोस, पेड सुटतो, आई म्हणे, आणि फणीचे दात टाळूवरून असे फिरत की डोळ्यांत पाणी येई. एकदा ती हललीच. शाळेत दुपारपर्यंत वेणीतून एक बट कमानीसारखी वर आली, आणि मागच्या बाकावरच्या मुलीने ती बोटाने दाबून खाली बसवली. तेव्हा ती मानेजवळ फुगली. तिथे दाबली तेव्हा शेपट्याशी. घरी आल्यावर आईने काही न बोलता सगळी वेणी उकलली. उकलल्याशिवाय गत्यंतर नसते हे ज्ञान तिला टाळूतून मिळाले होते. पदवी पुढे त्यावर नुसती शिक्का मारायला आली.

आणि त्याला? त्याला माहीत नव्हते म्हणावे, तर तीही सोय नव्हती. हीच गोष्ट तिच्या घशात मासळीच्या काट्यासारखी आडवी बसली होती. कार्यशाळेच्या तासाला दोर आवळण्यात त्याच्याइतका हात कोणाचाच नव्हता. मऊ तारेचा एकेक फेर तो असा शेजारी शेजारी बसवी की मधे नखही शिरू नये. शेवटचे टोक पकडीने मुरगळून आत दडवी, आणि वर अंगठा फिरवून बघे, कुठे काही टोचते का. ती त्या अंगठ्याच्या प्रेमात पडली होती. मैत्रिणी कवितांच्या ओळींनी, कोणी गाण्यांनी विरघळल्या. ही एका बांधणीने. अज्ञानाला क्षमा असते. हातात असलेले ज्ञान खिशात घालणाऱ्याला काय असावे, याचा तिने बराच विचार केला होता, आणि तिच्या इतक्या वाचनात त्यासाठी पुरेसा कडक शब्द तिला सापडला नव्हता.

त्या दोराची हकीगतही त्यानेच तिला सांगितली होती, अपघाताच्या आधी, फुशारकी म्हणून. रिळाचा स्टँड दुरुस्तीला गेला होता, वरून माल उतरवण्याची घाई होती. ‘पाडलं रीळ आडवं आणि काढली वेटोळी. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, कापला, चढवला. जेवायच्या सुट्टीआधी क्रेन चालू! तुझ्या पुस्तकाने केलं असतं तर संध्याकाळ झाली असती, प्राध्यापकीणबाई.’ ती हसली नव्हती. पण ओरडलीही नव्हती. ‘पेड उठेल,’ एवढे म्हणाली आणि भाजी वाढली. काही दिवसांनी तिने विचारले, ‘उठला का?’ ‘जरासा उठला होता. बसवला.’ ‘कसा?’ ‘बसवला म्हटलं ना!’ त्यानंतर आठवड्याभरात लोखंडी तुळई खाली आली आणि तिच्याखाली हूक लावणारा माणूस होता. त्याच्याविषयी अहवालात एक परिच्छेद होता, तिथे त्याला ‘सदर मयत’ म्हटले होते.

मामांची बायको शुक्रवारी दारात आली. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत या म्हटले तरी आली नाही. तुमचे साहेब घरी असतील, म्हणाली. ‘बाई, तुम्ही म्हणे दोराचंच शिकवता. मग तो दोर काय म्हणतो ते तुम्हीच सांगा की. माणसाचं कोणी ऐकेना झालंय.’ मामांवर खटला भरायचे घाटत होते. सोमवारी समितीपुढे हरकती ऐकणार होते आणि तिथे अहवाल कायम झाला की पुढचे सगळे उतारावरच्या चाकासारखे आपोआप होणार होते. ‘हे म्हणतात, मी नको म्हटलं होतं. ठोकू नका, दोर बदला, म्हटलं होतं. पण ऐकणारे तिथे दोघं. एक साहेब, एक तो बिचारा. तो तर गेला.’ तिने विचारले, ‘ठोकू नका?’ बाईने तिच्याकडे नीट पाहिले. ‘तुम्हाला माहीत नाही?’ या प्रश्नात आरोप नव्हता, दया होती. ती जास्त लागली.

म्हणजे ठोकला. लाकडी हातोड्याने, ‘हं, बसला बघ,’ असे म्हणत. आणि ढिलेपण बसले नाही, ते कधीच बसत नाही. ते पुढे सरकत, पाचरीच्या तोंडाशी जाऊन साठले, आणि तिथे उरलेल्या पेडांनी सहाव्याचे ओझे जमेल तितके वाहिले. मागाहून समितीने हातोडा घेतला आणि तेच ढिलेपण आणखी पुढे ठोकत नेले, कचेरीतून कार्यशाळेत, कार्यशाळेतून क्रेनच्या काचेच्या खोक्यात, जिथून पुढे सरकायला जागा नव्हती. उपमा फारच नेमकी जुळली म्हणून तिला त्या उपमेचाच राग आला. नेमकी उपमा ही हुशार माणसाची चैन असते; त्या हूक लावणाऱ्याच्या अंगावर उपमा पडली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी दोघे बाहेरून येऊन लिफ्टमध्ये शिरले, एकमेकांकडे पाठ करता येत नाही इतकी ती लहान होती म्हणून दोघांनी दाराकडे पाहिले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्टने एक उचकी दिली. उचकीच, धक्का म्हणण्याइतकी मोठी नव्हे. टाचेतून गुडघ्यापर्यंत काहीतरी चढले आणि विरले. वर कुठेतरी ठक् वाजले. कोणाही भाडेकरूने मोबाइलमधून डोके वर काढले नसते. पण तिने त्याच्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता. त्याने तिचा दंड पकडला, इतका घट्ट की नंतर तिथे बोटे उमटलेली दिसली, आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडताच तिला अक्षरशः बाहेर ओढले. ‘जिन्याने चल.’ ‘एकच तर मजला राहिलाय.’ ‘जिन्याने चल म्हणतो ना!’ चढताना तो कठड्याला धरून चालला होता. लिफ्टचे दोर गेल्याच महिन्यात बदलले होते; इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून तोच सही करून आला होता. लिफ्टला चार दोर असतात, आणि चारी तुटले तरी रुळांना पकडणारी अडकण असते. म्हणजे धोका खरे तर फारसा नव्हता, आणि हे त्याला तिच्याइतकेच माहीत होते. क्रेनला एकच दोर होता आणि खाली अडकण म्हणून एक माणूस. ज्या गोष्टीचा पूर्वअंदाज कोणत्याही व्यवस्थेस शक्य नव्हता, ती या गृहस्थाने एका उचकीत, दिवा लागलेल्या बंद खोक्यात, दोर डोळ्यांनी न पाहता ओळखली होती. ‘काय झालं असेल हो?’ तिने कुलपात किल्ली फिरवत विचारले. तो सरळ माठाकडे गेला. पाणी प्यायला, तेव्हा पेला दातांवर वाजला.

रविवारी सकाळी लिफ्टचा मिस्त्री आला. वर यंत्राच्या खोलीत जाऊन, हाताला काळे ग्रीस घेऊन, खाली उतरला. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर दाराशी ऊन खात बसले होते. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात कचऱ्याची पिशवी. नवरा लिफ्टच्या उघड्या दारासमोर कमरेवर हात ठेवून उभा. ‘काही नाही साहेब,’ मिस्त्री म्हणाला, ‘एका दोराचा एक पेड जरा उठलाय. नवा माल आहे, होतं असं. दोन ठोके देतो, बसेल.’ आणि त्याने पिशवीतून लाकडी हातोडा काढला. मास्तर म्हणाले, ‘ठोकून शहाणा झालेला पोरगा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, दोर कसा होईल रे?’ मिस्त्री हसला. नवरा हसला नाही. त्याची मान आधी लाल झाली, मग कान, आणि मग तो बोलला. तो ओरडला असे मास्तर नंतर म्हणाले, पण तिला आठवत होते ते वेगळेच: आवाज चढला नव्हता, उतरला होता, तो वर्गातला आवाज होता, कार्यशाळेतला, अंगठ्याने बांधणी तपासणाऱ्या त्या मुलाचा, ज्याला चुकीची गोष्ट सहन होत नसे. इतक्या वर्षांनी तो आवाज तिला ऐकू आला होता. बोलणे संपल्यावर मिस्त्रीने हातोडा हळूच पिशवीत ठेवला. मास्तर उन्हातून डोळे किलकिले करून बघत राहिले. आपण काय बोललो हे नवऱ्याच्या कानांपर्यंत त्याच्याच तोंडून, पण उशिरा पोहोचले. त्याने तिच्याकडे पाहिले आणि लगेच लिफ्टमधल्या आरशाकडे. तिने पिशवी डब्यात टाकली, झाकण लावले आणि जिना चढताना ती वाक्ये ओठांत घोळवत गेली, शाळेत कविता पाठ करावी तशी, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

संध्याकाळभर तो खोल्यांतून फिरत होता. शेवटी स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. ‘उद्या कॉलेजला जाणार आहेस ना?’ ‘नाही. तुमच्या कारखान्यात येणार आहे. हरकत घ्यायला.’ ‘नवऱ्याविरुद्ध?’ ‘अहवालाविरुद्ध. नवऱ्याचं नाव त्यात कुठे आहे? तेवढी काळजी घेतलीच आहे तुम्ही लोकांनी.’ तो खुर्चीत बसला. ‘हे बघ, मामा दोन वर्षांत रिटायर होणार. त्याची पोरं कमावती आहेत. त्याला असा काय फरक पडतो?’ ‘तुरुंगाचा.’ ‘जामीन मिळतो.’ ‘मग तुम्हालाही मिळेल.’ त्याने टेबलावर तळहात आपटला. मीठदाणी उडून आडवी झाली. ‘सुंभ जळेल पण तुझा पीळ जायचा नाही!’ ‘सुंभाचा जात नाही,’ ती मीठ गोळा करत म्हणाली, ‘पोलादाचा जातो. जाऊ नये म्हणून टोक आवळतात. तुम्हालाच सुरेख जमायचं.’ त्यानंतर तो जे म्हणाला ते हळू आवाजात म्हणाला, आणि त्यात पहिल्यांदाच लबाडी नव्हती: ‘सगळं सांगशील? शेवटचं वाक्यसुद्धा?’

तेच एक वाक्य तिला नको होते. बाकीची वाक्ये दगडासारखी होती, उचलून टेबलावर ठेवण्याजोगी. शेवटचे ओले होते. ते सांगितले तर समितीतले कोणीतरी खाकरेल, कोणाला त्याची कीव येईल, आणि तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा बदलतील, जणू उपकार विसरलेली बाई. ते गाळले तर उरलेले निष्कलंक राहील, आणि तिचा रागही. अंथरुणावर पडून ती छताकडे बघत होती आणि दंडावरच्या बोटांच्या खुणा दुखत होत्या. दुसऱ्याचे वाक्य सोयीपुरते छाटणाऱ्या विद्वानांवर तिने आयुष्यभर तोंडसुख घेतले होते. तिचेही एक वाक्य नुकतेच असेच छाटून वापरले गेले होते. कापायचेच असेल तर दोन्ही बाजूंनी आवळून कापायचे, आणि या बोलण्याला आवळण्याजोगी जागाच नव्हती. शेवटचा शब्द काढला की पहिल्यापासून सगळे सुटत येत होते. पेड ठोकून घेताना त्याच्याही मनात घाईखेरीज काही नसेल, हे तिला तेव्हा कळले, आणि कळून तिचा राग तिळभरही उणा झाला नाही. उलट त्याला आता धार आली. आपल्या माणसासाठी लिफ्टसुद्धा थांबवायची आणि दुसऱ्याच्या माणसाला दोराखाली उभे करायचे, यालाच तर घर म्हणतात, तिला वाटले. असल्या घराचा गाभा कोणत्या सुताचा असतो?

सोमवारी समितीच्या खोलीत लांब टेबल होते, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीसमोर एक माणूस. मामा भिंतीशी, गुडघ्यांवर हात ठेवून. शेजारी त्यांची बायको. नवरा टेबलाच्या टोकाला बसला होता. अध्यक्ष सौजन्याने हसले. ‘बाई, तुमची चाचणी तर आमच्याच बाजूची आहे.’ ती म्हणाली, ‘तारा खऱ्या होत्या. तुकडा दुसऱ्या टोकाचा होता.’ ‘असं तुम्हाला वाटतं.’ ‘मला जे वाटतं ते मी वर्गात सांगते. इथे मी ऐकलेलं सांगायला आले आहे. पेड आपोआप वर आला नाही. दोर चुकीचा काढला, टोक न आवळता कापला, आणि वर आलेला पेड हुकूम देऊन ठोकून बसवला. मामांनी नको म्हटलं होतं.’ अध्यक्षांचे हसू जागच्या जागी राहिले, नुसते जुने झाले. ‘आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘तुमच्या देखभालप्रमुखांनी. काल सकाळी, आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर, मिस्त्री आणि तळमजल्यावरचे मास्तर यांच्या देखत. मास्तर बाहेर बसले आहेत. मी शब्दशः सांगते. कुठे चुकले तर देखभालप्रमुख स्वतः इथे आहेत, त्यांनी मला दुरुस्त करावं.’

ती थांबली. टेबलाच्या टोकाला त्याने अंगठा बाटलीच्या झाकणावरून फिरवला, कुठे काही टोचते का बघावे तसा, आणि मान वर केली नाही. तेव्हा तिने, वर्गात श्रुतलेखन घालतात तितक्या सावकाश, म्हटले:

‘“हातोडा खाली ठेव. पेड आपोआप वर येत नाही. तुम्ही टोक न आवळता दोर कापता म्हणून येतो. आणि ठोकून तो बसत नाही, नुसता पुढे सरकतो. मला शिकवू नकोस. मी स्वतः उभा राहून ठोकून घेतलाय, क्रेनवाला नको नको म्हणत असताना, आणि आठवड्याच्या आत माणूस मेलाय. या लिफ्टमधून माझी बायको जाते-येते.”’